नाशिक रोडचं खारं पाणी

कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी परिचर होतो. परिचराचं काम म्हणजे बेडूक आणणं, कापून झालेल्या बेडकांची विल्हेवाट लावणं आणि मधल्या वेळात सरांना फॉर्मलिन संपल्याची आठवण करून देणं. विद्यार्थी मला गांगुर्डेमामा म्हणत. सुट्टीच्या दिवशी मी लोकांच्या घरी माशांच्या टाक्या बसवून द्यायचो. या अंकाच्या संपादकांना माझ्याकडून त्या टाक्यांच्याच गोष्टी हव्या आहेत. "गमतीजमती येऊ द्या," असं त्यांनी बजावलंय. जमेल तेवढ्या देतो.

या धंद्यात पाणी सांभाळायचं असतं. पाणी नीट असलं की मासे आपले आपण जगतात. हे गिऱ्हाइकाला पटत नाही, कारण त्याने पैसे माशांचे दिलेले असतात. दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागाईतदाराचे सगळे मासे एका दुपारी उलटे झाले. मी विचारलं, पाण्यात काय घातलंत? ते म्हणाले, "काय नाय वो. नुसता हात घातला." हात बागेवर औषध मारून आलेला होता. मी तसं सांगितल्यावर त्यांनी तो हात उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "याच हातानं मी जेवतो की." एका डॉक्टरांच्या दवाखान्यात बाहेरच्या खोलीत टाकी होती. तिथले मासे आठवड्याला एक या वेगाने मरत आणि पेशंट बाकावर बसून ते बघत. डॉक्टरांना मी टाकी घरी न्यायला सांगितलं. माशांसाठी नव्हे, पेशंटसाठी.

पण माझं सगळ्यात अवघड गिऱ्हाईक मासा नव्हताच. तो नारळाएवढा एक दगड होता.

त्याआधी रंजनाबद्दल सांगायला हवं. रंजना आमच्याकडे बी.एस्सी.ला होती. प्रयोगशाळेतल्या सगळ्या बरण्या तिने एकदा स्वतःहून पुसून दिल्या होत्या, म्हणून ती माझ्या लक्षात राहिली. तिच्याच वर्गात अशोक होता. तो बौद्ध, ती सटाण्याकडच्या मराठ्यांची. दोघांनी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. त्याला तीन साक्षीदार लागतात. दोन मित्र मिळाले, तिसरा ऐनवेळी आला नाही. रंजना प्रयोगशाळेत येऊन म्हणाली, "मामा, तुम्ही चला." मी ॲप्रन काढून ठेवला आणि गेलो. मुलीच्या पाठीशी मामा उभा राहतो, तसा मी राहिलो. अंतरपाटाच्या जागी रजिस्ट्रारचं टेबल होतं. पुढे अशोकला रामेश्वरमजवळ मंडपम् गावी मासेमारीवरच्या संशोधनात नोकरी लागली आणि दोघं तिकडे गेली.

रंजनाच्या वडिलांनी तिचं नाव घरात बंद केलं. तिच्या दारात पाणीसुद्धा पिणार नाही, असं चार नातेवाइकांसमोर सांगितलं. वडील म्हणजे दौलतराव, घरचे अप्पा. रेल्वेत टी.सी. होते. सकाळी मुंबईला जाणाऱ्या गाडीवर त्यांची ड्यूटी असे, संध्याकाळी परत. घर नाशिक रोडला. आई सुलोचनाबाई नर्स होत्या, त्यांना सगळे सिस्टर म्हणत. मुलीची पत्रं त्या हॉस्पिटलच्या पत्त्यावर मागवत.

लग्नाला तीन वर्षं झाल्यावर एक दिवस अशोकच्या ऑफिसातले एक गृहस्थ प्लास्टिकचा कॅन घेऊन माझ्या प्रयोगशाळेत आले. कॅनमध्ये समुद्राचं पाणी आणि एक तपकिरी दगड. सोबत रंजनाचं पत्र होतं. "मामा, हे जिवंत प्रवाळ आहे. मी इथे रोज बघते ते आईला बघू दे. घरी टाकी तुम्हीच बसवा. कुठून आलं ते अप्पांना कळू देऊ नका."

प्रवाळ म्हटलं की लोकांना मंगळाच्या अंगठीतलं पोवळं आठवतं. ते वेगळं. हा दगडी प्रवाळ म्हणजे शेकडो बारीक प्राण्यांची चाळ असते. एकेक प्राणी शेंगदाण्याएवढा, आणि प्रत्येकाने स्वतःभोवती चुन्याची खोली बांधलेली. अंगात सूक्ष्म शेवाळ असतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि भाडं म्हणून मालकाला देतं. त्यामुळे याला हवा भरपूर उजेड, हलतं पाणी, ठरावीक मीठ, ठरावीक उष्णता. यातलं काही बदललं की ते तक्रार न करता मरतं. समुद्रापासून दोनशे किलोमीटरवर ठेवायला याहून अडचणीचा प्राणी शोधून सापडला नसता. (तेव्हा याला बंदी नव्हती. आज प्रवाळ बाळगणं गुन्हा आहे, कुणी माझं वाचून नादी लागू नये.)

सिस्टरनी नवऱ्याला सांगितलं की दगड कॉलेजचा आहे, प्रयोगशाळेत ऊन येत नाही म्हणून काही महिने आपल्या पूर्वेच्या खिडकीत ठेवायचाय. दौलतरावांनी टाकीला एक प्रदक्षिणा घातली.

"हा करतो काय?"

"काही नाही," मी म्हणालो.

"मग चालेल."

मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "गांगुर्डे म्हणजे कुठले तुम्ही?"

"दिंडोरी तालुक्यातले."

"म्हणजे आपलेच."

आमच्या जिल्ह्यात गांगुर्डे मराठ्यांत आहेत, आदिवासींत आहेत आणि आम्हा बौद्धांतही आहेत. आडनावावरून माणूस ओळखायची विद्या इथे चालत नाही, हे त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सिस्टरनी चहा आणून ठेवला होता. मी कप उचलला आणि गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचा मला आजही राग येतो.

समुद्राचं पाणी लागणार होतं, आणि रोज मुंबईला जाणारा माणूस घरात होता. दौलतराव आधी कुरकुरले, मग मुंबईत भाऊच्या धक्क्यावर एका कोळ्याशी त्यांनी ओळख काढली. किनाऱ्याचं पाणी घाण असतं, म्हणून तो होडीवाला खोल समुद्रातून त्याच कॅनमध्ये पाणी भरून आणायचा. शुक्रवारी संध्याकाळी दौलतराव काळ्या कोटात, एका हातात कॅन घेऊन नाशिक रोडला उतरत. स्टेशनात कुजबूज झाली की टी.सी.साहेब मुंबईहून काहीतरी आणतात. एकदा हवालदाराने झाकण उघडायला लावलं, बोट बुडवून चाटलं आणि माफी मागितली.

दगड काही करत नाही, यावर दौलतरावांचा विश्वास साधारण महिनाभर टिकला. एका संध्याकाळी मी तिथे असताना वीज गेली. ते कंदील शोधायला उठले आणि सहज त्यांच्या टॉर्चचा झोत टाकीवर पडला. अंधार पडला की प्रवाळ आपल्या खोल्यांतून बाहेर येतं. सगळ्या दगडावर काचेसारखी बारीक बोटं फुलली होती आणि पाण्याबरोबर हलत होती. दौलतराव खाली बसले. घरात ते शुद्ध बोलत, पण त्या वेळी तोंडातून गावाकडची अहिराणी आली.

"हाई ते जित्तं शे!"

"जिवंतच आहे अप्पा," मी म्हणालो. "पहिल्यापासून."

त्यानंतर ते रोज कामावरून आल्यावर बूट काढण्याआधी टाकीकडे जायला लागले. "आज पाणी जरा गढूळ वाटतं," असं मला सांगायला लागले. गिऱ्हाईक असं बोलू लागलं की समजावं, ते आता बरं होत नाही.

आणखी महिन्याभराने ते कॅन धुऊन उन्हात उपडा घालत होते. मी टाकीत कोपरापर्यंत हात घालून काच पुसत होतो. कॅनच्या बुडाला एक चिकटपट्टी होती, तिच्यावरचा मळ निघाला आणि खाली अक्षरं दिसली. 'आईसाठी. हळू न्या.'

तिकिटावरची खाडाखोड ओळखणारा माणूस तो. मुलीचं अक्षर ओळखायला त्यांना वेळ लागला नाही.

"हे कुणाचं अक्षर?"

सिस्टर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मी हात बाहेर काढला.

"रंजनाचं," मी म्हणालो. तीन वर्षांत त्या घरात ते नाव पहिल्यांदा उच्चारलं गेलं असावं.

"म्हणजे दगड कॉलेजचा नाही."

"नाही."

"तुमचा तिचा संबंध काय?"

"माझ्या प्रयोगशाळेत शिकली. तिच्या लग्नाचा तिसरा साक्षीदार मी आहे." मग एवढं झालंच आहे म्हणून उरलेलंही सांगून टाकलं. "आणि अप्पा, मी गांगुर्डे खरा, पण बौद्ध."

त्यांनी कॅन खाली ठेवला. आवाज चढवला नाही. "दोन महिने माझ्या घरात चहा पीत होतात. मी विचारलं होतं तुम्हाला."

"विचारलं होतं. सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

"उद्यापासून येऊ नका."

"अहो..." सिस्टर म्हणाल्या.

"दगड राहू दे," दौलतराव म्हणाले. "त्याचा काय दोष?"

मी मीठ मोजायची काचेची नळी खिशात घातली, कारण ती कॉलेजची होती, आणि निघालो. चालत बसस्टॉपपर्यंत येताना माझ्या लक्षात आलं की माझी बाही अजून वरच आहे.

पाचेक आठवडे गेले. मग एका दुपारी प्रयोगशाळेच्या दारात काळा कोट दिसला. दौलतरावांच्या हातात सलाइनची रिकामी बाटली होती आणि तिच्यात पाणी. बरण्यांतले साप आणि माकडाची कवटी यांच्याकडे न बघता ते सरळ माझ्या टेबलापाशी आले.

"हे तपासा. तो मिटलाय. चार दिवस बोटं बाहेर काढत नाही."

मी पाण्यात नळी सोडली. ती बुडायलाच तयार नव्हती, इतकं मीठ होतं.

"पाणी काय घालता?"

"टाकी खाली गेली की भरतो. रोज तांब्याभर. सगळं समुद्राचं. त्यात भेसळ नाही."

"तेच चुकतंय. पाणी उडून जातं, मीठ उडत नाही. आमटी आटली की खारट होते ना?"

"होते."

"मग तिच्यात आणखी आमटी ओतली तर?"

त्यांनी बाटली उचलून उजेडात धरून पाहिली. नवशिक्या माणसाची ही हमखास चूक. जो जास्त मायेने करतो, तो जास्त चुकतो.

"साधं पाणी घालायचं. आणि खारट झालेलं थोडं थोडं काढायचं, आठ दिवस लावून. एकदम केलंत तर मरेल."

"हे आधी सांगायला हवं होतं तुम्ही."

"मला यायची बंदी होती."

"हं," ते म्हणाले. मग खुर्ची ओढून बसले. स्पिरिटच्या दिव्यावर माझा चहा उकळत होता. आमच्याकडे कप नव्हते, चहा बीकरमध्ये व्हायचा. मी विचारलं, घेणार का?

"याच्यात साप ठेवत नाही ना?"

"साप बरणीत. बीकर चहाचा."

त्यांनी बीकर दोन्ही हातांत धरला, कारण त्याला कान नसतो, आणि फुंकर घालून सगळा चहा प्यायले. बीकर स्वतः नळाखाली विसळला. दारात थांबून म्हणाले, "शनिवारी मी घरी असतो."

मी शनिवारी गेलो. पुन्हा त्या विषयावर आम्ही कधी बोललो नाही. माफी कुणी मागितली नाही, मी एकदा मागितलेली होती तेवढीच.

पाणी ताळ्यावर आलं, पण दगड वाढत नव्हता. चुन्याच्या खोल्या बांधायच्या तर चुना हवा, आणि टाकीतला संपत आला होता. श्वासातला वायू ओळखायच्या प्रयोगासाठी मी दर आठवड्याला चुन्याची निवळी करत असे. चुना पाण्यात ढवळायचा, रात्रभर बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी घ्यायचं. विचार केला, दगडाला तेच द्यावं. पण निवळी एकदम घालून चालत नाही, थेंब थेंब पडायला हवी. सिस्टर म्हणाल्या, "थेंबांचं माझ्यावर सोडा." दुसऱ्या दिवशी टाकीशेजारी सलाइनचा स्टँड आला, बाटली आली, नळी आली. सिस्टर घड्याळ धरून मिनिटाला किती थेंब ते लावून द्यायच्या. शेजारच्या बाई डोकावून म्हणाल्या, "कुणाला ॲडमिट केलंय?" दौलतराव पेपरातून मान वर न करता म्हणाले, "पाहुण्याला."

दोन महिन्यांनी दगडाच्या कडेला नखाएवढी फिकट किनार दिसली. वाढ. दौलतरावांनी ती टी.सी.च्या लाल-निळ्या पेन्सिलीने काचेवर आखून ठेवली, पुढे किती सरकते ते बघायला. नाशिक रोडला दगड वाढतोय ही गोष्ट मी कॉलेजात सरांना सांगितली. सर म्हणाले, "शक्य नाही." मी म्हटलं, बरं.

मग उन्हाळा आला. त्या वर्षी मे महिना वाईट होता. वीज सारखी जाई. टाकीतलं पाणी तापायला लागलं. आम्ही टाकीला ओलं गोणपाट गुंडाळलं, पंखा लावला, पिशवीत बर्फ घालून पाण्यात सोडला. तरी एक दिवस दगडाच्या माथ्यावर पांढरा डाग दिसला. उष्णता वाढली की अंगातलं शेवाळ निघून जातं आणि आतला सांगाडा दिसायला लागतो. प्राणी मेलेला नसतो, उपाशी असतो. आठवड्यात अर्धा दगड पांढरा झाला.

"काय करायचं?" दौलतरावांनी विचारलं.

इथे मला माझ्या धंद्यातला एक गुन्हा कबूल करायचा आहे. खरं उत्तर असं होतं : सावली करा, बर्फ चालू ठेवा, पाऊस तीन आठवड्यांवर आहे, तोवर टिकलं तर वाचेल. पण त्याआधीच्या शनिवारी एक गोष्ट घडली होती. दौलतराव टाकीपुढे बसले होते, मी निवळी भरत होतो. कुणी काही विचारलं नसताना ते म्हणाले होते, "मद्रासहून रामेश्वरमची गाडी संध्याकाळी सुटते. मंडपम्‌ला थांबते." त्यांची गाडी मुंबईच्या पुढे जात नव्हती. मद्रासपलीकडचं वेळापत्रक त्यांना ड्यूटीसाठी लागायचं काही कारण नव्हतं.

मी म्हणालो, "समुद्रात सोडावं लागेल."

"मुंबईला सोडतो. उद्याच."

"मुंबईच्या पाण्यात जगायचं नाही. जिथलं आहे तिथेच न्यायला हवं."

त्यांनी टाकीभोवतीचं गोणपाट पुन्हा ओलं केलं. अडीच दिवसांचा प्रवास, मे महिना, अर्धमेलं प्रवाळ. कॅनमध्ये ते मंडपम्‌पर्यंत पोचणार नाही, हे मला जवळजवळ नक्की माहीत होतं. ज्याला वाचवायला त्या घरी गेलो, त्याला मी स्वतः मरायला पाठवत होतो.

"तुम्ही नेता का?" त्यांनी विचारलं.

"परीक्षा चालू आहेत," मी म्हणालो. परीक्षा एप्रिलमध्येच संपल्या होत्या.

त्यांनी सिस्टरकडे पाहिलं.

"मला रजा नाही," सिस्टर म्हणाल्या. त्यांची इतकी रजा शिल्लक होती की त्या वर्षी त्यातली काही बुडाली.

दौलतरावांनी पास काढला. आम्ही कॅनमध्ये निम्मं पाणी, निम्मी हवा ठेवली, भोवती ओला टॉवेल गुंडाळला. सिस्टरनी डब्यात लाडू दिले, ते कुणासाठी हे सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. स्टेशनवर मी त्यांना सांगितलं, दर तासाला कॅन हलवा, झाकण उघडून हवा द्या. त्यांनी मान हलवली. काळा कोट घातला नव्हता. त्यांना साध्या शर्टात मी पहिल्यांदाच पाहत होतो, एकदम बारीक दिसत होते.

पंधरा दिवसांनी अशोकचं पत्र कॉलेजच्या पत्त्यावर आलं. ते मी आजवर कुणाला दाखवलं नव्हतं. दौलतरावांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. सिस्टर आहेत, त्यांना विचारूनच इथे देतो.

"मामा, अप्पा गुरुवारी सकाळी उतरले. मी एकटाच स्टेशनवर गेलो होतो, रंजनाची हिंमत झाली नाही. ते माझ्याशी काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, आधी समुद्र. मी कॅन हातात घेतला तेव्हाच मला वास आला. मेलेल्या प्रवाळाचा वास तुम्हाला माहीत आहे. मला वाटतं मद्रासच्याही आधी गेलं असेल. डब्यात आजूबाजूची माणसं दुसरीकडे जाऊन बसली होती, असं तेच नंतर म्हणाले. तरी ते दर तासाला झाकण उघडून हवा देत होते. आम्ही दोघं पँट वर करून गुडघाभर पाण्यात गेलो. त्यांनी वाकून दगड दोन्ही हातांनी तळाला ठेवला, सरळ बसेपर्यंत दोनदा हलवून बघितला. मग थोडा वेळ तिथेच उभे राहिले. हात धुतले. आणि मला म्हणाले, भूक लागलीय, घर किती लांब आहे?"